ज्यूंचं सिनेगॉग, पारशांचा पुतळा, गिरणी कामगारांच्या चाळी: भायखळ्यात हे सगळं एकत्र कसं आलं?

भायखळा म्हटलं की कुणाला राणीची बाग आठवते, कुणाला दगडी चाळ, कुणाला तुरुंग. सेंट्रल लाइनवरून रोज ये-जा करणाऱ्यांसाठी ते दादर आणि सीएसएमटीच्या मधलं एक फास्ट स्टेशन.

पण स्टेशनवरून उतरून सर जे. जे. मार्गावर आलं की एक उंच घड्याळाचा मनोरा दिसतो. हा मनोरा चर्चचा वाटतो, पण ते मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. त्याच्याच आवारात ज्यू ट्रस्टच्या शाळा आहेत. शाळा सुटली की गेटमधून जी मुलं बाहेर पडतात, ती बहुतेक मुस्लिम असतात. ती त्याच रस्त्याने नागपाडा, मदनपुऱ्याकडे घरी जातात.

असं काही पाहिलं की 'मुंबईचं स्पिरिट' म्हणायचं आणि पुढे जायचं, ही आपली सवय. पण त्याने काहीच कळत नाही. ज्यूंच्या शाळेत मुस्लिम मुलं शिकतात, कारण ज्यू निघून गेले आणि शाळा राहिली. भायखळ्यात जवळजवळ प्रत्येक जुन्या वास्तूची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच आहे.

खाजणातून बंगल्यांपर्यंत

आधी नावाचं पाहू. खळं म्हणजे मळणीची जागा, हे मराठी वाचकाला सांगायला नको. 'भाय' कुठून आला यावर मात्र दोन मतं आहेत. कुणी म्हणतं भाया नावाच्या माणसाचं खळं, कुणी म्हणतं बहाव्याच्या झाडांवरून नाव पडलं. काही का असेना, इथे एके काळी शेती होती एवढं नावावरून कळतं.

शेतीच्या आजूबाजूला खाजण होतं. मुंबई सात बेटांची होती तेव्हा भरतीचं पाणी महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडीतून आत शिरायचं आणि भायखळ्यापर्यंतचा सखल भाग बुडवायचं. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड हा बांध पूर्ण झाला आणि ही जमीन हळूहळू कोरडी पडली. १७९३ मध्ये बेलासिस रोड बांधला गेला. त्यावर राबले ते सुरतेकडून दुष्काळामुळे आलेले लोक. भायखळ्याचा पहिला मोठा रस्ताच स्थलांतरितांच्या हातचा आहे.

कोट भागातली गर्दी वाढली तसे इंग्रज अधिकारी आणि व्यापारी उत्तरेकडे मोकळ्या हवेत बंगले बांधू लागले. भायखळा तेव्हाचं उपनगर होतं, आणि तेही श्रीमंतांचं. इथे घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. महालक्ष्मीचं रेसकोर्स आलं ते नंतर, १८८३ मध्ये. १८३३ मध्ये भायखळा क्लब सुरू झाला, ज्यात भारतीयांना सदस्यत्व मिळत नसे.

बगदादहून आलेले शेठ आणि उभे पारशी

१८३२ च्या सुमारास डेव्हिड ससून मुंबईत आले. बगदादच्या सुभेदाराच्या जाचामुळे त्यांनी ते शहर सोडलं होतं. कापूस आणि चीनला जाणारी अफू यांच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा कमावला. भायखळ्यात त्यांनी बंगला घेतला, 'सान्सूसी' नावाचा. १८६१ मध्ये त्यांनी मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधलं. पुढे समाज वाढला, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९१० मध्ये घराण्यातल्या जेकब ससून यांनी ते वाढवलं.

त्या बंगल्यात आज मसिना हॉस्पिटल आहे. डॉ. मसिना हे पारशी सर्जन, हॉस्पिटल १९०२ चं. बगदादी ज्यूच्या घरात पारशी डॉक्टरचं रुग्णालय, आणि तिथे उपचार घेणारे सगळ्या जातीधर्मांचे.

ससून येण्याआधीपासून पारशी इथे होतेच. उड्डाणपुलांच्या मध्ये अडकलेला 'खडा पारशी' मुंबईकरांनी बसमधून कधी ना कधी पाहिलेला असतो. तो पुतळा शेठ कर्सेटजी माणेकजी यांचा. त्यांचे पुत्र माणेकजी कर्सेटजी यांनी वडिलांच्या आठवणीसाठी तो उभारला. माणेकजींची खरी ओळख वेगळी आहे. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी १८६३ मध्ये अलेक्झांड्रा गर्ल्स इन्स्टिट्यूशन सुरू केली. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र उभा पुतळा.

थोडं पुढे जे. जे. हॉस्पिटल. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर ते उभं राहिलं आणि १८४५ मध्ये ते आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. जमशेटजींचा पैसाही बराचसा चीनच्या अफूचा होता. भायखळ्यातल्या दानशूरपणाची ही बाजू कोनशिलांवर लिहिलेली नसते.

या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेल्यांपैकी एक होते डॉ. भाऊ दाजी लाड, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ते आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या पुढाकाराने मुंबईला वस्तुसंग्रहालय मिळालं. राणीच्या बागेत १८६२ मध्ये बाग सुरू झाली आणि १८७२ मध्ये तिच्या शेजारी संग्रहालयाची इमारत. नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. बागेला जिजामातांचं नाव मिळालं, तरी टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग' म्हटल्याशिवाय कळत नाही. घारापुरीला ज्या दगडी हत्तीवरून इंग्रजी नाव पडलं, तो हत्ती याच आवारात उभा आहे.

धूर आला, शेठ गेले

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली ती भायखळ्यातून. मुंबईची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५० च्या दशकात सुरू झाली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, परळच्या आकाशात चिमण्या उभ्या राहिल्या. रेल्वे आणि मोकळी जमीन, दोन्ही इथे होतं.

धुरात बंगल्यांची मजा राहिली नाही. श्रीमंत लोक मलबार हिल, कंबाला हिलकडे सरकले. गव्हर्नरसुद्धा परळचं निवासस्थान सोडून मलबार पॉइंटला गेले. मोकळ्या झालेल्या जमिनींवर चाळी आल्या. रत्नागिरी, सातारा, पुण्याकडचे कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपू लागले.

मुंबईतल्या गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभी केली. रविवारच्या सुट्टीसाठी लढणारे म्हणून लोखंडे ओळखले जातात. पण भायखळ्याशी त्यांचा दुसराही संबंध आहे. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा ऐक्य मेळावा घेतला. म्हणजे 'एकत्र राहणं' इथे कधीच आपोआप झालेलं नाही. त्यासाठी तेव्हाही कुणीतरी धडपडत होतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांमध्ये आजार कमी दिसला. जगातल्या पहिल्या प्लेग लसीची ही सुरुवातीची चाचणी. कैद्याला 'नाही' म्हणण्याची कितपत मोकळीक असते, हा प्रश्न आज कुणीही विचारेल.

प्लेगमुळेच १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची पहिली योजना नागपाड्याची. दाटीवाटीची वस्ती पाडून सरळ रस्ते काढले गेले आणि आग्रीपाड्यात बीआयटी चाळी बांधल्या गेल्या. 'रिडेव्हलपमेंट' हा शब्द नसेल, पण भायखळ्याने ती प्रक्रिया सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिली आहे.

मराठी बोलणारे ज्यू आणि गावकीचे ख्रिश्चन

भायखळा 'मराठी राहिला नाही', असं अनेकदा ऐकू येतं. दुकानांवरच्या पाट्या पाहून ते खरंही वाटतं. पण इथे मराठी कोण कोण बोलत होतं, याची यादी चक्रावून टाकणारी आहे.

बेने इस्राएल हे कोकणातले ज्यू. रायगड जिल्ह्यात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. त्यांची आडनावं गावांवरून पडलेली: पेणकर, किहीमकर, राजपूरकर. घरची भाषा मराठी. अठराव्या शतकापासून ते मुंबईत येऊ लागले. आग्रीपाड्यातलं मागेन हसिदीम हे त्यांच्या मोठ्या सिनेगॉगपैकी एक. माझगावातली सर एली कदूरी शाळा त्यांच्याच समाजाने १८७५ मध्ये सुरू केलेली.

सिनेगॉग दोन का, एक का नाही? कारण बगदादी ज्यू स्वतःला वरचे समजत. कोकणातल्या ज्यूंना ते पूर्ण ज्यू मानायला कचरत असत. दफनभूमीत आपल्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत घालावी, अशी मागणी बगदाद्यांनी १८३६ मध्ये सरकारकडे केली होती. धर्म एक, शहर एक, तरीही हे अंतर. जातीचा वास भायखळ्यातल्या हवेलाही होता.

इस्रायल स्थापन झाल्यावर दोन्ही समाजांतले बहुतेक लोक निघून गेले. बगदाद्यांपैकी बरेच इंग्लंड, ऑस्ट्रेलियालाही गेले. आज देशभरात मिळून ज्यू काही हजारच आहेत. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांनी तिथेही मराठी नियतकालिक चालवलं, 'मायबोली' नावाचं.

माझगावची माथारपाखाडी हे ईस्ट इंडियन लोकांचं गाव. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले हे इथले मूळ रहिवासी, त्यांची बोली मराठीचीच. टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा याच गावातले. माझगावचं ग्लोरिया चर्च १६३२ चं. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेसाठी ते पाडलं आणि १९१३ च्या सुमारास भायखळ्यात नव्याने बांधलं गेलं. त्याचे उंच मनोरे लोकलमधूनही दिसतात.

शिवाय अमेरिकन मराठी मिशन होतंच. रेव्हरंड ना. वा. टिळकांमुळे अहमदनगरचं मिशन मराठी वाचकांना माहीत असतं. त्याच मिशनने १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं: वाचनालय, दवाखाना, खेळाची जागा. इथेच १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ड यांच्या नेतृत्वाखाली समाजकार्याचं महाविद्यालय सुरू झालं, जे आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखलं जातं. देवनारचा कॅम्पस नंतरचा. संस्थेचा जन्म नागपाड्याच्या गल्लीतला.

मदनपुरा, क्लेअर रोड आणि मंटो

१८५७ नंतर उत्तर भारतातले मोमीन विणकर मुंबईत येऊन मदनपुऱ्यात वसले. शेजारी कामाठीपुरा होता. त्याचं नाव निजामाच्या राज्यातून बांधकामावर आलेल्या तेलुगू कामाठ्यांवरून पडलं. कोकणी मुसलमान गोदीच्या आणि बोटीच्या कामासाठी आले. गोव्याचे खलाशीही आले. त्यांच्या गावांनी मुंबईत 'कूड' चालवल्या, म्हणजे गावाच्या नावाने घेतलेली खोली, जिथे बोट लागेपर्यंत गावकऱ्याने राहावं. माझगावात चिनी खलाशी आणि कामगारांनी १९१९ मध्ये छोटंसं मंदिर बांधलं. ते अजून आहे.

या सगळ्याचा सर्वात तल्लख साक्षीदार म्हणजे उर्दू लेखक सआदत हसन मंटो. क्लेअर रोडवरच्या अडेल्फी चेंबर्समध्ये ते राहत. नागपाडा, अरब गल्ली, इथले हॉटेलवाले, टॅक्सीवाले, वेश्या, ज्यू मुली हे सगळे त्यांच्या कथांत आहेत. 'मोझेल' या कथेत दंगलीत अडकलेल्या शीख मुलीला वाचवते ती ज्यू तरुणी. ती स्वतः मात्र वाचत नाही. जानेवारी १९४८ मध्ये मंटो पाकिस्तानात गेले आणि मुंबईसाठी झुरत राहिले. क्लेअर रोडचं नाव आता मिर्झा गालिब मार्ग आहे.

संप, टोळ्या आणि दोन हिवाळे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद झाल्या. चाळीतल्या बेकार पोरांना पगार देणारी एक नवी जागा तयार झाली. बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण गवळी यांची 'भायखळा कंपनी' त्याच काळातली. सात रस्त्याजवळची दगडी चाळ दहशतीचं नाव झाली, मग राजकारणाचं. २००४ मध्ये गवळी चिंचपोकळीतून आमदार झाला. २०१२ मध्ये शिवसेना नगरसेवकाच्या खून प्रकरणात त्याला जन्मठेप झाली. सिनेमांनी या काळाला जेवढं ग्लॅमर दिलं, तेवढं तिथे राहणाऱ्यांनी कधी अनुभवलं नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आग्रीपाडा, भायखळा, नागपाडा या पोलीस ठाण्यांची वेगळी प्रकरणं आहेत. त्यानंतर मुंबईभर लोकांनी घरं बदलली. मुस्लिम वस्तीतले हिंदू आणि हिंदू वस्तीतले मुस्लिम आपापल्यांत सरकले. मुंब्रा, मीरा रोड वाढले. भायखळ्यातही एका रस्त्याच्या दोन बाजू आधीपेक्षा जास्त वेगळ्या झाल्या.

तरी मिश्रण पूर्ण संपलं नाही, हे मतपेटीतून दिसतं. २०१४ मध्ये भायखळ्यातून एमआयएमचे वारिस पठाण दीड हजारांहूनही कमी मतांनी निवडून आले. भाजप, काँग्रेस आणि गवळीची मुलगी गीता, तिघेही फार मागे नव्हते. २०१९ मध्ये शिवसेनेच्या यामिनी जाधव जिंकल्या आणि २०२४ मध्ये ठाकरे गटाचे मनोज जामसुतकर. सलग तीन निवडणुका, तीन वेगळे आमदार.

आता जागा कोणाची?

इतके समाज इतक्या वर्षांत टिकले यामागे सद्भावनेइतकंच एक रूक्ष कारण आहे: भाडं. भाडे नियंत्रण कायद्याने दक्षिण मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे रोजंदारीवरचा माणूस, पेन्शनर पारशी, गिरणी कामगाराची विधवा, अत्तरवाला सगळे शहराच्या मधोमध राहू शकले. तोटाही तिथेच होता. महिन्याला काही शेकड्यांचं भाडं घेणारा मालक दुरुस्ती कशाला करेल? पावसाळ्यात इमारती कोसळतात. सप्टेंबर २०१३ मध्ये डॉकयार्ड रोडजवळची महापालिकेची इमारत पडून ६१ जणांचा जीव गेला. त्यामुळे 'जुनं जपा' असं बाहेरून सांगणाऱ्यांवर रहिवासी चिडतात, ते बरोबरच आहे.

पुनर्विकासाचे नियम साधारण असे आहेत. उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला नव्या इमारतीत किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर फुकट मिळतं. त्या बदल्यात बिल्डरला जादा एफएसआय मिळतो आणि त्यातले फ्लॅट तो बाजारभावाने विकतो. बहुतेक ठिकाणी भाडेकरूंची इमारत एका बाजूला आणि विक्रीचा टॉवर दुसऱ्या बाजूला, दोन वेगळी गेटं.

अडचण पुढे सुरू होते. लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा मेंटेनन्स जुन्या भाड्याच्या कित्येक पट असतो. बिल्डरने ठेवलेला कॉर्पस फंड पुरला नाही की लोक घर विकून कल्याण-विरार गाठतात. विकत घेणारा कोण असावा, हे मग सोसायटी ठरवते. आडनाव, जेवण, धर्म पाहून घर नाकारण्याचे प्रकार मुंबईत सर्रास होतात. पागडीच्या चाळीत खोली मिळायची ती ओळखीने आणि पैशाने. तिथेही भेदभाव होता, पण सगळ्यांना एकच जिना चढावा लागे.

सिनेगॉग, संग्रहालय, चर्च यांना हेरिटेजचं संरक्षण आहे. भायखळा स्टेशनचं जुनं रूप परत आणल्याबद्दल २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला तो २००५ मध्येच मिळाला होता. ज्या खोल्यांत माणसं राहिली, त्यांना असं कुठलंच संरक्षण नाही. आणि पुनर्विकासात घर मिळतं ते भाडेपावतीवर ज्याचं नाव, त्याला. गावकीच्या नावाने घेतलेल्या खोलीत पाळीने राहणारे दहा जण, मेसवर जेवणारे कारखान्यातले कामगार, पोटमाळ्यावरचा पोटभाडेकरू, यांपैकी कुणाचंच नाव त्या पावतीवर नसतं.